चाळीस गुणांची मुलगी

चिचटोला, ता. गोरेगाव, जि. गोंदिया
१ सप्टेंबर २०२५

चि. ओमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन कानाला लावला की माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि तू पलीकडून नुसता हो हो करतोस. वर्गात जो मुलगा सारखा हो म्हणायचा त्याचं लक्ष खिडकीबाहेर असायचं, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. कागदावर तुला तसं करता यायचं नाही.

विषय रुचीचा आहे. माझी नात, तुझ्या भाच्याची, तिलकची मुलगी. तू पाहिलीस तेव्हा दोन वेण्यांची होती, आता एकोणीस वर्षांची आहे आणि तिने जरा जोरात ओढलं की आमच्या दाराची कडी हातात येते. गोरेगावच्या खेमराज सरांनी तिला कबड्डी शिकवली. इंदूरच्या ‘माळवा शेरनी’ नावाच्या संघाने तिला महिलांच्या लीगसाठी बोलावलं आहे. दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं-शिकणं त्यांच्याकडे. पंधरा नोव्हेंबरपर्यंत उत्तर हवं म्हणतात.

तर इकडे तिलकने मुर्रीचं एक स्थळ पाहून ठेवलं आहे. मुलाचे वडील पुरनलालजी, राइस मिलवाले. दिवाळीनंतर आपल्या मंडईच्या जत्रेला ते येणार, मुलगी पाहणार आणि त्याच दिवशी साक्षगंधाची तारीख काढून जाणार. लग्नानंतर कबड्डी बंद, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं आहे. रुची काही बोलत नाही. पहाटे उठते आणि अंगणातल्या बाजेवर चढाया करते. बाज बिचारी रोज हरते.

तिलकच्या तोंडून ना हो निघत ना नाही. म्हणतो, “मामाजीनं जिंदगी घातली त्या धंद्यात. ते म्हणतील तसं करू.” म्हणजे पोरीचं सगळं तुझ्यावर येऊन थांबलं आहे.

आणि माझी पंचाईत अशी की तू काय करतोस हे मलाच अजून नीट माहीत नाही. बायका विचारतात, “तुमचा भाऊ कबड्डी खेळते का?” नाही. “शिकवते?” नाही. “शिट्टी मारते?” तेही नाही. “मग करते काय वो तो?” मी सांगते, साहेब आहे. त्यावर कोणी पुढे विचारत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांचं समाधान झालेलं दिसत नाही.

सोबत पोस्टकार्ड ठेवलं आहे. पुढे माझा पत्ता, मागे दोनच शब्द, ‘हो’ आणि ‘नाही’. या धंद्यात घरची मुलगी घालावी का? नको तो शब्द खोड आणि पेटीत टाक. भाषण नको.

तुझी मोठी बहीण,
दुर्गेश्वरी


पुणे
११ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बाईस,
ओमेश्वरचा नमस्कार.

पत्र मिळालं. उशीर झाला त्याबद्दल रागावू नकोस, पुढच्या हंगामाच्या तयारीत मान वर करायला सवड नाही.

आधी तुझ्या मैत्रिणींना उत्तर देऊन टाकतो. खेळाडू खेळतो, पंच शिट्टी मारतो, आणि बाकी जे काही उरतं ते मी करतो. तिकिटं, जाहिराती, गाद्या, दिवे, हॉटेल, डॉक्टर, मालकाचा रुसवा. आधी क्रिकेटमध्ये होतो, मग फुटबॉलमध्ये, शेवटी कबड्डीत आपली ‘डेक्कन डरकाळी’ उभी केली. खेळाडूच्या बनियनवर काखेच्या खाली चार बोटं जागा असते. ती जागा एका सिमेंट कंपनीला मी विकली, आणि पकड करताना खेळाडू हात वर करतो तेव्हा ती टीव्हीवर सगळ्यात जास्त दिसते हे त्यांना पटवून दिलं. हे त्या बायकांना सांगू नकोस.

आता रुची. हा निर्णय ‘हो’ किंवा ‘नाही’ इतका सोपा नसतो, बाई. दुखापत, शिक्षण, निवृत्तीनंतरचं आयुष्य, सगळ्या बाजू तपासाव्या लागतात. सोबत एक तक्ता जोडला आहे. निळे बाण फायद्याचे, लाल बाण जोखमीचे.

पण मला एक कल्पना सुचली आहे. पुरनलालजींनी पोरीचा खेळ नीट मांडलेला पाहिलाच नसेल. धुळीत, कोणीही कसाही ओरडतोय, अशा खेळाला कोण किंमत देणार? आपण मंडईतली कबड्डी लीगसारखी घेऊ. मुलांचे चार संघ, मुलींचे दोन. सकाळी बोली लावून खेळाडू वाटून घ्यायचे. पैसे नाहीत, नुसते गुण. प्रत्येक संघमालकाला ठरावीक गुण द्यायचे, त्यांतून त्याने खेळाडू घ्यायचे. जे फार महत्त्वाचे असतात ते बोलीला जातच नाहीत. संघ त्यांना आधीच ठेवून घेतो. अमक्याला ठेवून घेतलं, असं म्हणतात, आणि आमच्या धंद्यात याहून मोठा मान नाही. व्याह्यांनी रुचीला त्या थाटात पाहिलं तर कदाचित दोन्ही गोष्टी जमून जातील.

योजना सोबत आहे. हस्तपत्रक मी लिहितो, शुद्धलेखन तू तपास. तुझ्याइतकं चुका काढणारं माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही.

तुझा,
ओमेश्वर

ता. क. पोस्टकार्ड माझ्या टेबलावरच आहे. हरवलेलं नाही.


चिचटोला
२२ सप्टेंबर २०२५

चि. ओमेश्वर यास,
आशीर्वाद.

मी एक शब्द खोडायला सांगितला होता. तू बाणांचं जंगल पाठवलंस. तिलकने तो तक्ता उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, मामाजी मोठे हुशार आहेत. सरळ धरल्यावरही त्याचं मत बदललं नाही.

तुझी योजना समाजमंदिरात वाचून दाखवली. खेमराज सर खूश झाले, पोरं तर उड्याच मारायला लागली. फक्त ‘प्रत्येक संघाला एक मालक असेल, मुलींच्या संघांना बाहेरगावचा मालक चालेल’ हे वाक्य आलं आणि बायकांची बाजू जी हसायला लागली ती थांबेना. पुण्यात राहून तू विसरलास, आपल्याकडे बाया नवऱ्याला मालक म्हणतात. एक जण मागून म्हणाली, “मले बी बाहेरगावचाच पायजे होता, घरच्यायनं आयकलं नाही.” तेव्हा ‘मालक’ काढून मी ‘संघप्रमुख’ घातला आहे.

टपाल घेऊन बकाराम आला तो पाकीट उलटसुलट करून पाहत होता. तुझ्या पाकिटावर नेहमी तुमच्या संघाचा वाघ असतो, तो यावेळी नव्हता. मला विचारतो, “वाघ कुठी गेला, मास्तरीणबाई?” मी म्हटलं, शिकारीला गेला असेल.

रुचीचं सांगते. काल रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, “आजी, नाही जाऊ देल्लं तरी मी काही रुसून बसणार नाही. पन मले कोनी विचारलं तर पायजे ना.” मी विचारलं, जायचं आहे का? ती म्हणाली, “मी चढाईले जातो ना, तवा मले कोनाचाच आवाज येत नाही. आपलाच येते.” आणि पुढे भात मागितला. मी वाढला. मला त्या वेळी तिच्या बापाचा राग आला, तुझा आला, आणि थोडा माझाही आला, कारण मी तरी तिला आजवर कुठे विचारलं होतं?

ते कार्ड टाक. नुसतं टेबलावर ठेवून त्याला पाय फुटणार नाहीत.

दुर्गेश्वरी


पुणे
४ ऑक्टोबर २०२५

ती. बाईस,
नमस्कार.

घाईत लिहितो आहे. हस्तपत्रकाचा मजकूर सोबत आहे. गोरेगावला छापून घे आणि आठवडी बाजारात वाटायला सांग. खाली खेळाडूंची यादी दे: नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, वजन आणि मूळ गुण, म्हणजे बोली जिथून सुरू होईल तो आकडा. रुचीचे मूळ गुण मी सगळ्यांत जास्त ठेवले आहेत. मजकूर असा:

‘चिचटोला मंडई निमित्त भव्य बोली. वय अठरा ते अठ्ठावीस. मुले व मुली. प्रत्येकाचे वडिलांचे नाव, उंची, वजन व गुण खाली दिले आहेत. इच्छुक संघप्रमुखांनी सकाळी मंडपात उपस्थीत राहून आपल्या पसंतीच्या मुलामुलींवर बोली लावावी. एकदा पसंत केलेले परत घेतले जाणार नाहीत. कबड्डीचे सामने दुपारी.’

सुटसुटीत झालं आहे ना? ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ.

मला मात्र येता येईल असं वाटत नाही. नेमकी त्याच आठवड्यात मालकांची बैठक आहे आणि माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. रुचीबद्दल म्हणशील, तर शेवटी तिचं आयुष्य आहे, तिनेच ठरवावं असं मला वाटतं.

ओमेश्वर


चिचटोला
३ नोव्हेंबर २०२५

चि. ओमेश्वर यास,
आशीर्वाद.

तुझी लीग झाली. आता शांत बस, पाणी पी आणि मग वाच.

हस्तपत्रकं बाजारात वाटली, ती आजूबाजूच्या सगळ्या गावांत पोचली. आता तूच विचार कर. आपल्याकडे मंडई म्हटली की नातेवाईक जमतात, आणि जमले की कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी हेच चालतं. त्यात तू छापलंस वय, वडिलांचं नाव, उंची, वजन आणि गुण. वर ‘पसंतीच्या मुलामुलींवर बोली लावावी’. कबड्डी बिचारी शेवटच्या ओळीत.

सकाळी मंडपात खेळ बघणाऱ्यांपेक्षा मुलींचे बाप जास्त. फेटे काय, पिशवीत पत्रिका काय. धुरपताबाई नातीची पत्रिका घेऊन पहिल्या रांगेत बसली होती आणि प्रत्येक पोराला उभं करून बघत होती. “हा तीस गुणवाला कोनाचा पोट्टा आहे वो? जरा चालून दाखव म्हना.” मग यादीत रुचीचं नाव तिला सापडलं. तिने मला हाक मारून विचारलं, “मास्तरीणबाई, गुन त छत्तीसच असतेत. तुमच्या नातीचे चाळीस कसे आले?” मी म्हटलं, आमच्या पुण्याच्या भावाने लावले. ती म्हणाली, “मामाकडचे लोक वाढवूनच सांगतेत.” खेमराज सर ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगत होते की हे लग्नाचं नाही, कबड्डीचं आहे. तर एक गृहस्थ त्यांनाच बाजूला घेऊन विचारायला लागले, पोराकडे शेती किती. सर म्हणाले, शेतीचं ठाऊक नाही, पकड चांगली आहे. त्या गृहस्थांनी तेही लिहून घेतलं.

एवढं होईपर्यंत मीही हसत होते. मग पुरनलालजी आले.

त्यांच्या हातात हस्तपत्रक घडी करून ठेवलेलं होतं. मुलगा मागे. बसा म्हटलं तर बसले नाहीत. “तिलकभाऊ, ये क्या तरीका है? होनाऱ्या सुनेचं वजन बाजारात वाटून राहिले तुम्ही. मिलवर मजूर वाचून हासून राहिले.” त्यांचं म्हणणं एवढंच होतं, पोरीचं नाव आत्ताच्या आत्ता काढा, तिला साडी नेसवून चहा घेऊन बाहेर पाठवा, आम्ही झालं ते विसरतो. रुची तिथेच गुडघ्याला पट्टी बांधत होती. तिने बापाकडे पाहिलं. मला माहीत होतं, तिलकने त्या क्षणी जा म्हटलं असतं तर ती उठून साडी नेसली असती आणि पुढे कधीही कोणाला बोलून दाखवलं नसतं.

तिलकला तू ओळखतोस. दुकानात चिल्लर कमी आली तरी मागत नाही. तो गमछा पिळत उभा राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, “पोरगी माही आहे, भाऊजी. वजन बी माह्याच घरच्या तांदळाचं आहे. छापलं त छापलं. आता बसा, खेळ पाहून जा.”

ते बसले नाहीत. मुलगा वाईट नव्हता रे, जाताना मागे वळून वळून बघत होता. मला वाटतं, त्याला खेळ बघायचा होता.

रुची दुपारी खेळली. शेवटच्या चढाईत तिला तिघींनी धरलं आणि ती तिघींना घेऊन रेषेवर आली. तिलक उभा राहून असा ओरडला की शेजारच्या गावाला वाटलं असेल मंडईच्या रात्रीच्या नाटकाला सुरुवात झाली. नंतर तो मंडपामागे गमछ्याने तोंड पुसत बसला होता. स्थळ मोडलं म्हणून की पोरगी जिंकली म्हणून, ते मी विचारलं नाही.

तर आता स्थळाची अडचण उरली नाही. तुझं कार्ड तेवढं उरलं आहे. तिनेच ठरवावं असं तू लिहिलंस, पण तिने कधीच ठरवलेलं आहे, ओमू. तिला जायचं आहे. मला विचारायचं आहे ते वेगळंच. ज्या धंद्यात माणसाची उंची, वजन आणि आकडा छापतात तिथे पोरगी पाठवून मला झोप लागेल का, हे तूच सांगू शकतोस. पंधरा तारीख जवळ आली आहे.

बैठक कशी झाली? पान हललं का?

दुर्गेश्वरी


पुणे
७ नोव्हेंबर २०२५

ती. बाईस,
ओमेश्वरचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी मी हसलो. मग घाबरलो, पुन्हा हसलो, आणि मग मला शंका आली. कपाटातून छापील हस्तपत्रकाची तिलकने पाठवलेली प्रत काढली आणि माझा मूळ मजकूर शेजारी ठेवला. ‘उपस्थीत’मधली दीर्घ वेलांटी तू ऱ्हस्व केली आहेस. ‘मंडई निमित्त’ जोडून ‘मंडईनिमित्त’ केलं आहेस. ‘मालक’ तर तू आधीच काढून टाकला होतास, कारण गावात त्याचा अर्थ काय होतो हे तुला कळलं होतं. आणि ‘बोली’, ‘पसंती’, ‘गुण’ हे तुला दिसले नाहीत? माझ्या लग्नाची पत्रिका तू छापखान्यातून परत आणवली होतीस, एका अनुस्वारासाठी.

यावर तू काय म्हणतेस ते कळव. मी वाट पाहीन.

आता माझं ऐक. बैठक नव्हती. संघ मे महिन्यातच विकला गेला. नवा मालक तरुण आहे, हुशार आहे, मला खूप आदराने वागवलं. पुष्पगुच्छ दिला. त्याने ज्यांना ठेवून घेतलं त्यांत माझं नाव नव्हतं. तेव्हापासून मी घरी आहे. तुझी भावजय मंदा गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, आणि फोन वाजला की अजूनही वाटतं स्टेडियमचे दिवे गेले असतील, मला बोलावतायत. हे तुला सांगायची लाज वाटत होती. साठी उलटलेल्या माणसाला कामावरून कमी केलं हे बहिणीला कसं कळवायचं, ते मला जमेना. म्हणून बाण काढत बसलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या धंद्यात आकडा छापतात, खरं आहे. आकडा उतरला की लोक विसरतात, तेही खरं आहे, मला आता चांगलंच ठाऊक आहे. पण सामना सुरू व्हायच्या आधी एक घटका अशी येते की दिवे मंद होतात, एवढं मोठं प्रेक्षागृह गप्प होतं आणि चढाई करणारा रेषा ओलांडतो. मी तेव्हा कायम मागे, दारापाशी उभा असायचो. मला कोणी ओळखत नसे. बहुतेक वेळा तिकिटं कमी खपलेली असत, मालक फोनवर ओरडत असे, पाय दुखत असत. आणि तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. ती घटका मला आवडायची, बाई. फार आवडायची. उद्या कोणी सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं कर आणि शेवटी पुन्हा पुष्पगुच्छ घेऊन घरी जा, तर मी करीन. आणि मी तर नुसता दारापाशी उभा होतो. रुची रेषेच्या पलीकडे जाणार आहे.

कार्ड सोबत ठेवलं आहे. ‘नाही’ इतकं खोडलं आहे की कागद फाटला.

करार मला पाठव. सही करायची घाई करू नका. जन्मभर मी संघाच्या बाजूने बसलो, या वेळी पोरीच्या बाजूला बसतो.

ओमेश्वर


चिचटोला
१२ नोव्हेंबर २०२५

चि. ओमूस,
आशीर्वाद.

माझा चष्मा जुना झाला आहे. काही शब्द दिसतात, काही दिसत नाहीत. वयाप्रमाणे व्हायचंच. यापेक्षा जास्त मी लिहून देणार नाही, आणि तिलकला हे पत्र दाखवणार नाही.

तुझ्या नोकरीचं मला सप्टेंबरातच कळलं होतं. ज्या माणसाने रुचीच्या बारशालाही ऑफिसचं पाकीट वापरलं, त्याने अचानक दुकानातून साधं पाकीट विकत आणलं, ते का? बकारामलाही कळलं होतं. विचारलं असतं तर तू अजून एक तक्ता पाठवला असतास, म्हणून थांबले. पण तू घरी एकटा बसून आमच्या मंडईची लीग आखत होतास हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून जरा रडून घेतलं. आता ठीक आहे.

कार्ड मिळालं. रुचीने ते घेऊन तिच्या खोलीत लावलं, फाटकी बाजू वर करून.

करार तिलकने तुला फोनवर पाठवला आहे. मला त्यातलं कळलं ते एवढंच की सगळं काही ‘संघाच्या सोयीनुसार’ आहे. दुखापत, शिक्षण, ते तू बघ. माझी एकच अट आहे. आपले पूर्वज माळव्यातून इकडे आले आणि त्यांतला एकही परत गेला नाही, म्हणजे जाणारी हीच पहिली. जाऊ दे. पण दर वर्षी मंडईला तिला सुट्टी पाहिजे. तोंडी नको. करारात लिहून पाहिजे.

हे जमलं तर मी तुला साहेब समजेन.

दुर्गेश्वरी


पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

ती. बाईस,
नमस्कार.

जमलं.

होकार चौदालाच कळवला होता, पण बाकीची रस्सीखेच आठवडाभर चालली. दुखापत झाली तर उपचार आणि राहणं संघाकडे, बरी होईपर्यंत. कॉलेजच्या परीक्षांना रजा. हे सगळं त्यांनी फार कटकट न करता मान्य केलं, कारण कुठे हात घालायचा हे मला माहीत आहे. घोडं अडलं ते तुझ्या मंडईवर. इंदूरचे व्यवस्थापक म्हणाले, हे दिवस ऐन हंगामाचे, खेळाडू कसा सोडणार? आणि ही मंडई म्हणजे काय, भाजी मार्केट का?

बाई, मी सिमेंटवाल्यांना काख विकली आहे, पण मंडई समजावून सांगता येईना. म्हटलं, जत्रा आहे. म्हणाले, कोणत्या देवाची? म्हटलं, देवाची नाही, पाहुण्यांची. म्हणाले, मग फोनवर बोलेल की पाहुण्यांशी. शेवटी मी त्यांना तुझ्या हस्तपत्रकाची सगळी हकीकत सांगितली, धुरपताबाईंसकट, आणि तिलक काय म्हणाला तेही. त्या तांदळाच्या वाक्यावर त्यांनी कराराचा कागद पुढे ओढला. म्हणाले, लिहा. त्यांनी इंग्रजीत ‘कौटुंबिक सण’ असं काहीतरी घातलं होतं, ते मी खोडून ‘चिचटोल्याची मंडई, आदला दिवस धरून’ असं देवनागरीत लिहायला लावलं. अख्ख्या लीगमध्ये असं कलम दुसऱ्या कोणाच्या करारात नसेल.

सही करताना खेळाडूच्या प्रतिनिधीचा हुद्दा लिहायची जागा होती. माझ्या हाताला सवय आहे, उपाध्यक्ष, मुख्य अधिकारी, सल्लागार असलं लिहायची. यांतलं आता मी काहीच नाही. मग लिहिलं, ‘आजीचा भाऊ’. व्यवस्थापक म्हणाले, हा हुद्दा आमच्या यादीत नाही. मी म्हटलं, घालून घ्या.

करार सोबत आहे. बारा डिसेंबरला रुची इंदूरला पोचेल तेव्हा मी तिकडे स्टेशनवर हजर राहीन.

ओमेश्वर


चिचटोला
२८ नोव्हेंबर २०२५

चि. ओमूस,
अनेक आशीर्वाद.

करार वाचला. ‘चिचटोल्याची’ मधला ‘चि’ ऱ्हस्वच लिहिला आहेस, शाबास. तिलकने करार देवापुढे ठेवला आहे. धुरपताबाई येऊन बघून गेली आणि चाळीस गुण खरेच असतील म्हणाली.

इंदूरच्या स्टेशनवर कोणी उभं राहायचं नाही. आधी इकडे ये, दोन दिवस पोटभर जेव, मग तू आणि रुची गोंदियाहून बरोबरच निघा. बायकांना मी सांगितलं आहे की माझा भाऊ येतो आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, करते काय वो तो? या वेळी मला उत्तर देता आलं. म्हटलं, माझा भाऊ आहे, तेच करतो.

काल समाजमंदिरात पुढच्या मंडईची सभा झाली. लीग पुन्हा घ्यायची असं ठरलं. खेमराज सर यादी करायला लागले, कोण खेळणार, कोण बघणार. तुझं नाव निघालं तेव्हा कोणीतरी म्हणालं, पुण्याच्या साहेबांवर बोली कोण लावणार, त्यांचे मूळ गुण किती? मी उभी राहिले आणि सांगितलं, त्याचं नाव बोलीला जाणार नाही.

तुला आम्ही ठेवून घेतलं आहे.

तुझी,
बाई